तळ, साखळी आणि नांगर

जहाज जागच्या जागी ठेवण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे दोराला बांधलेला दगड. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना असे दगडी नांगर द्वारका आणि बेट द्वारकेच्या समुद्रात, गोव्याच्या किनाऱ्याजवळ आणि विजयदुर्गच्या परिसरात सापडले आहेत. काही त्रिकोणी असून त्यांना तीन भोके आहेत. वरच्या भोकात दोर बांधायचा आणि खालच्या दोन भोकांत लाकडी मेखा बसवायच्या, म्हणजे नांगर ओढला जाऊ लागला की मेखा वाळूत रुततात. काही नांगर खांबासारखे लांबट असून ते अरबी समुद्रातील मध्ययुगीन व्यापाराशी जोडले जातात. त्रिकोणी नांगर घडवणाऱ्यांना एवढे नक्की कळले होते की नुसत्या वजनावर भागत नाही. पाण्यात बुडालेला दगड आपल्या आकारमानाएवढ्या पाण्याच्या वजनाइतका हलका होतो. १०० किलोचा काळा कातळ समुद्राच्या तळाशी जेमतेम ६५ किलोंचा भरतो. त्याच्या भरवशावर भरलेले गलबत वाऱ्यात उभे राहत नाही.

पुढे लोखंडी नांगर आला आणि मेखांचे काम मुख्य झाले. मधला दांडा, त्याच्या खालच्या टोकाला दोन वाकडे हात, हातांच्या टोकांना रुंद पाती आणि दांड्याच्या वरच्या टोकाला हातांशी काटकोनात बसवलेला आडदांडा, ही त्याची सर्वांच्या ओळखीची आकृती. आडदांडा निरुपयोगी वाटतो, पण तो नसेल तर दोन्ही हात तळावर सपाट पडून राहतात. आडदांड्यामुळे नांगर कलंडतो, एक पाते खाली येते आणि जहाजाच्या ओढीबरोबर चिखलात शिरते. ओढ वाढेल तसे पाते आणखी खोल जाते. चांगल्या तळात रुतलेला नांगर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ सहन करतो, कारण ती ओढ खरोखर अंगावर घेतो तो पात्यापुढचा चिखल. केंब्रिजचे जी. आय. टेलर द्रवांच्या प्रवाहावरील गणितासाठी विख्यात आहेत, पण ते शिडाच्या नौकेतून हिंडणारे हौशी दर्यावर्दीही होते. १९३३ साली त्यांनी शेतातल्या फाळाच्या घाटाचा एक हलका नांगर तयार केला. तो वळला तरी पुन्हा रुततो, म्हणून लहान नौकांवर अनेक दशके तोच वापरात राहिला.

तळ कसा आहे हे कळल्याशिवाय नांगर चांगला की वाईट हे सांगता येत नाही. सागरी नकाशांवर पाण्याच्या खोलीबरोबर तळाचा प्रकारही लिहिलेला असतो: चिखल, वाळू, शिंपले, खडक. घट्ट चिखलात आणि वाळूत नांगर उत्तम बसतो. पातळ गाळातून पाते नुसते सरकत जाते. सपाट खडकावर ते अडकत नाही, आणि कपारीत अडकले तर निघत नाही.

उरलेले निम्मे काम साखळीचे. नांगर तळाला समांतर ओढला तर रुततो, वर ओढला तर उपटला जातो. म्हणून लहान नौकांवर पाण्याच्या खोलीच्या साधारण पाच ते सात पट साखळी किंवा दोर सोडण्याचा प्रघात आहे. साखळीचा बराच भाग तळावर पडून राहतो. वाऱ्याचा झोत आला की तो उचलला जातो, झोत ओसरला की पुन्हा खाली बसतो. जहाज मागेपुढे होत राहते, धक्का मात्र नांगरापर्यंत पोहोचेपर्यंत विरून जातो. आखूड साखळीवर बांधलेले जहाज जास्त सुरक्षित दिसते. पहिल्या मोठ्या लाटेला ते आपलाच नांगर उखडते. निघायची वेळ झाली की खलाशी साखळी गोळा करत जहाज नांगराच्या बरोबर वर आणतात आणि मग सरळ वर ओढ देतात. ज्या दिशेने नांगर दुबळा, तीच त्याच्या सुटकेची वाट. मोठ्या जहाजांवर तर साखळीचे आतले टोक अशा खिळीने अडकवलेले असते की आणीबाणीत ती खिळी काढून साखळी आणि नांगर दोन्ही समुद्रात सोडून देता येतात.

उत्तर कोकणातले डोलकर होडीऐवजी जाळेच समुद्रतळाला बांधतात. वसई, अर्नाळा, सातपाटीच्या समुद्रात डोल जाळ्याचे रुंद तोंड तळात ठोकलेल्या खुंटांना दोरांनी बांधलेले असते. जाळे मासळीच्या मागे जात नाही. भरती-ओहोटीचे पाणी बोंबील आणि जवळा त्याच्या तोंडात आणून सोडते. पाणी फिरले की जाळे उचलावे लागते. जागा सोडायची नाही आणि पाण्याला मात्र वाट द्यायची, हा या मासेमारीचा सगळा हिशेब आहे.

धरायला तळ, ताण सोसणारा सैल दुवा आणि वेळ आली की सुटण्याची सोय, या तीन गोष्टींवर नांगराचे शास्त्र उभे आहे. झाडे, शिंपले, पेशी, दात, माणसाचे अंदाज, चलन आणि माणसांची वस्ती यांची पकड तपासताना याच तीन गोष्टी पुढे येतात. त्यांतली एखादी नसेल तर पकड मोडते, किंवा पकडच इजा करते.

झाडाला सुटायचे नसते, त्यामुळे त्याचा सगळा भर पहिल्या दोन गोष्टींवर. वारा शेंड्याला ढकलतो तेव्हा झाड बुंध्याभोवतीच्या मुळांच्या आणि मातीच्या गड्ड्यासह उलटू पाहते. वाऱ्याच्या बाजूची मुळे ताणली जातात, पलीकडच्या बाजूची वाकतात आणि मधल्या मातीचे वजन गड्डा खाली धरून ठेवते. खोल गेलेले सोटमूळच झाडाला उभे ठेवते, हा समज मोठ्या झाडांबाबत फारसा खरा नाही. बहुतेक झाडांची बहुतांश मुळे वरच्या मीटरभर मातीत असतात आणि आडवी दूरवर पसरतात. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांचे पावसाळ्यात जे होते त्याचे एक मोठे कारण इथे आहे. केबल, गटार, पदपथ यांसाठी खणताना आडवी मुळे तोडली जातात, बुंध्यापर्यंत काँक्रीट येते, आणि झाड वर हिरवेगार असतानाच त्याची एका बाजूची पकड गेलेली असते. जुलैत माती भिजून मऊ झाली की ते आडवे होते, आणि दोष वाऱ्यावर जातो.

वारा खरे तर झाडाचा शिक्षक आहे. सतत हलणारे रोप खोड आणि मुळे जाड करते. ज्या बाजूला ताण जास्त त्या बाजूला जास्त लाकूड घालते. काठीला करकचून बांधलेले रोप उंच वाढते, पण काठी काढल्यावर वाकते. म्हणून आधाराची दोरी रोपाला थोडे डोलू देईल इतकी सैल ठेवावी, असा वृक्षतज्ज्ञांचा सल्ला असतो. अर्थात या शिकवणीलाही मर्यादा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या उद्ध्वस्त झाल्या. काही झाडे मुळांसह उलटली, काही मध्येच मोडली. जे मोडले त्याची पकड शाबूत होती आणि खोड कमी पडले. जे उलटले त्याचे खोड टिकले आणि जमीन सुटली.

वडाने यावर वेगळा उपाय काढला आहे. त्याच्या पारंब्या जमिनीत शिरून खांबासारख्या जाड होतात आणि फांदीला नवा आधार मिळतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाचे मुख्य खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. झाड तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर आजही उभे आहे आणि पसरत आहे. एका जागी सगळे ओझे टाकले नाही की मूळ नांगर गमावूनही तगता येते, याचे याहून मोठे उदाहरण वनस्पतींत सापडणे कठीण.

खाडीच्या गाळात मात्र तळच बेभरवशाचा. तिथे तिवराची मुळे गाळाच्या वरच्या थरात आडवी पसरतात आणि त्यांच्यापासून श्वास घेणारी मुळे काठ्यांसारखी वर येतात. गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे खोल जाण्यात अर्थ नाही. कांदळ खोडापासून कमानीसारखी मुळे काढून पाय फाकवून उभा राहतो. त्याचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप तयार होऊन खाली पडते. खारफुटीच्या रोपासाठी पहिले काही दिवस निर्णायक असतात. भरतीचे पाणी त्याला पुन्हा उचलून नेण्याआधी मुळे गाळात पुरेशी जायला हवीत. उधळपट्टीने रोपे लावून एका उधाणात सगळी वाहून गेलेल्या लागवडी किनारपट्टीवर कमी नाहीत. जागा आणि वेळ चुकली की रोपांची संख्या कामाला येत नाही.

खडकावर रुतायला जागाच नाही, तिथे चिकटावे लागते. कोकण-गोव्याच्या खडकांवर झुपक्यांनी राहणारे शिनाणे आपल्या पायासारख्या अवयवातून एक प्रथिन स्रवतात, त्याचा धागा बनतो आणि धाग्याच्या टोकाची चकती खडकाला चिकटते. असे डझनावारी धागे मिळून जी दाढी होते ती स्वयंपाक करताना ओढून काढावी लागते. ओल्या पृष्ठभागावर चिकटणे ही रसायनशास्त्रातली कठीण गोष्ट आहे, कारण गोंद आणि खडक यांच्यात पाण्याचा थर येतो. शिनाण्यांच्या वर्गातील शिंपल्यांच्या प्रथिनात डोपा नावाचा एक बदललेला अमिनो आम्लाचा घटक भरपूर असतो आणि तो हा थर ओलांडून खडकाशी बंध जोडतो, हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ जे. हर्बर्ट वेट यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून उलगडत नेले. ओल्या ऊती जोडणारे शस्त्रक्रियेतील गोंद बनवण्याचे बरेच प्रयत्न त्याच धाग्यावरून निघाले आहेत. पण या धाग्याची दुसरी खुबी जास्त शिकवणारी आहे. तो सगळीकडे सारखा नसतो: प्राण्याकडचा भाग लवचीक, खडकाकडचा भाग ताठ. लाट आदळली की लवचीक भाग ताणला जातो आणि मऊ शरीर फाटत नाही. जागा सोडायची झाली तर शिनाणा धाग्यांचा सगळा जुडगा टाकून देतो आणि दुसरीकडे नवे धागे विणतो.

बार्नेकल नावाच्या कवचधारी प्राण्याला ही मुभा नाही. त्याची अळी खडक, जहाजाचा तळ, खांब असे चाचपत फिरते, जागा पसंत पडली की डोक्याकडून सिमेंटसारख्या द्रवाने स्वतःला कायमची चिकटवते आणि उरलेले आयुष्य पायांनी पाण्यातले अन्न आत ओढत काढते. एकदाच निवडलेल्या जागेवर सगळे आयुष्य लावणाऱ्या या प्राण्याचा शोधाचा काळ त्यामुळेच इतका चिकित्सक असतो.

बहुपेशीय प्राण्याच्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशीही कशाला तरी धरून असते. पेशींच्या भोवती कोलेजन आणि इतर प्रथिनांचे जाळे असते. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले इंटेग्रिन नावाचे रेणू एका टोकाने हे बाहेरचे जाळे आणि दुसऱ्या टोकाने पेशीच्या आतला सांगाडा धरतात. इंटेग्रिन हे नाव १९८६ साली रूढ झाले. ही पकड फक्त जागा राखण्यासाठी नाही. तिच्यातून पेशीला सतत कळत असते की आपण कुठे आहोत, आजूबाजूचा पृष्ठभाग टणक आहे की मऊ, आणि विभाजन करावे की थांबावे. काचेच्या बशीत वाढवलेल्या सामान्य ऊतिपेशी तळाला चिकटू दिल्या नाहीत तर विभागत नाहीत, आणि पुष्कळशा मरतात. पकड सुटल्यामुळे पेशी स्वतःला संपवते, या प्रक्रियेला १९९४ साली अॅनॉइकिस असे नाव देण्यात आले.

हा नियम शरीराच्या फार कामाचा आहे. आतड्याच्या अस्तरातून सुटलेली पेशी यकृतात जाऊन घर करू लागली तर शरीर चालणार कसे? कर्करोगाच्या पेशी नेमका हाच नियम मोडतात. त्या आगर नावाच्या मऊ जेलीत तरंगत असतानाही वाढतात, आणि एखादी पेशी कर्करोगाच्या दिशेने किती गेली हे प्रयोगशाळेत पाहण्याची ती एक जुनी कसोटी आहे. रक्तातून दूर जाऊन दुसऱ्या अवयवात गाठ करण्यासाठी आधी सुटून जगता यावे लागते. रक्तपेशींना ते जन्मतःच जमते, म्हणून त्यांचा अपवाद.

पकड नसण्याचे उघड रूप त्वचेत दिसते. बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा यांना जोडणारा एक अतिशय पातळ थर असतो. तो खालच्या थराला कोलेजन-७च्या सूक्ष्म आकड्यांनी अडकवलेला असतो आणि शरीररचनेच्या पुस्तकांत त्यांना नांगरतंतू म्हणतात. या जोडणीतल्या एखाद्या प्रथिनाचे जनुक बिघडले तर एपिडर्मोलिसिस बुलोसा हा आजार होतो. बाळाला उचलून घेतले, कपडा घासला, एवढ्यानेही कातडी फोड येऊन सुटते. जर्मनीतील बोखुम येथे सात वर्षांच्या एका मुलाची बहुतेक त्वचा अशी निघून गेली होती. इटलीतील शास्त्रज्ञांनी त्याच्याच त्वचेच्या पेशींत बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत घातली, त्यांच्यापासून त्वचेचे तुकडे वाढवले आणि शल्यविशारदांनी ते त्याच्या शरीराच्या सुमारे ८० टक्के भागावर बसवले. २०१७ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला तेव्हा नवी त्वचा टिकली होती. दुरुस्त झाले होते ते जोडणीचे एकच प्रथिन.

दात जबड्याच्या हाडात थेट ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यात सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते आणि दात त्यात टांगलेला राहतो. भाकरीत खडा आला तर क्षणात चावणे थांबते, याचे श्रेय या अस्तरातल्या चेतातंतूंना. तारा लावून वाकडे दात सरळ करता येतात तेही त्याच्यामुळे: दाताला हलका, सततचा दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते, ओढीच्या बाजूला नवे तयार होते आणि दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर या गतीने सरकतो. इथे दंतवैद्याला न्यूटनचा तिसरा नियम आडवा येतो. पुढचे दात मागे ओढायचे तर ओढणारी दाढही पुढे येऊ पाहते. म्हणून हलू नये अशा आधाराची सोय आधी करावी लागते आणि त्यासाठी आता जबड्याच्या हाडात छोटे स्क्रू बसवतात, काम झाले की काढून टाकतात.

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात हाडातील रक्तप्रवाह पाहत होते. सशाच्या पायाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोगानंतर काढायला गेल्यावर निघेना. हाड धातूला घट्ट बिलगून वाढले होते. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमच्या मुळ्या बसवल्या. दंतवैद्यकातील प्रस्थापितांना हे पटायला १९८२ सालची टोरांटोची परिषद यावी लागली. आज इम्प्लांट ही गावोगावच्या दवाखान्यांतली गोष्ट झाली आहे. तरी तो नैसर्गिक दाताची बरोबरी करत नाही, कारण मधले अस्तर नाही. इम्प्लांट तारांनी सरकवता येत नाही आणि चावण्याचा अंदाज त्यावर तितका नेमका येत नाही. जिथे न हलणाराच आधार हवा तिथे हा दोष गुण ठरतो.

नको तिथे पडलेली गाठ काय करते हे पाठीच्या कण्यात दिसते. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात मज्जारज्जू कण्याच्या पूर्ण लांबीचा असतो. पुढे कणा भराभर वाढतो, मज्जारज्जू मागे राहतो, आणि मोठेपणी त्याचे टोक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी येते. त्यासाठी तो कण्याच्या आत सरकायला मोकळा असावा लागतो. काही मुलांत जन्मजात दोषामुळे त्याचे खालचे टोक चरबीच्या गाठीने किंवा जाड तंतूने खाली बांधलेले राहते. मूल वाढते तसा मज्जारज्जू ताणला जातो. पाय कमजोर होतात, लघवीवरचा ताबा जातो. शस्त्रक्रियेत ही बांधणी सोडवतात.

मनाच्या अंदाजांनाही तळ लागतो, आणि तो बऱ्याचदा चुकीचा मिळतो. मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आपले प्रयोग मांडले. लोकांसमोर आकड्यांचे चाक फिरवायचे. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी त्याची आधीच योजना केलेली होती. मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? चाकाचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. तरी १० आलेल्यांचा मधला अंदाज २५ टक्के निघाला आणि ६५ आलेल्यांचा ४५ टक्के. दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पाच सेकंदांत गुणाकाराचा अंदाज करायचा होता. १ पासून ८ पर्यंतचे आकडे चढत्या क्रमाने लिहिले तर मधला अंदाज ५१२ आला, उतरत्या क्रमाने लिहिले तर २,२५०. खरे उत्तर ४०,३२०. पहिला आकडा डोक्यात रुतला की माणूस त्याच्यापासून दूर जातो, पण फार थोडा. दुकानातल्या खोडलेल्या छापील किमतीचा धंदा यावरच चालतो.

दवाखान्यात हीच सवय जीवावर बेतते. पावसाळ्यातला ताप, अंगदुखी आणि घटलेल्या प्लेटलेट्स एवढे पाहून डेंग्यूचे नाव पक्के केले जाते आणि पुढचा शोध थांबतो. पण लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस यांचीही सुरुवात अशीच असते. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, २०१८ साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले. बारीक किड्याच्या अळीच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये काखेत, जांघेत किंवा पोटावर कधी कधी एक काळी खपली दिसते. ती शोधली तरच दिसते, आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने वेळेवर उपचार झाले तर रुग्ण बरा होतो. म्हणून निदानाची पहिली चिठ्ठी पेन्सिलने लिहिल्यासारखी धरावी आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण अपेक्षेप्रमाणे सुधारला नाही तर ती खोडून पुन्हा विचार करावा, ही जुन्या जाणत्या वैद्यांची शिस्त आहे.

चलनाचा नांगर हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय. १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेने इतर चलने डॉलरला आणि डॉलर औंसाला ३५ डॉलर या दराने सोन्याला बांधला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने ती साखळी तोडली. अर्जेंटिनाने १९९१ साली आपल्या चलनाचा डॉलरशी दर कायद्याने पक्का केला. सुरुवातीला महागाई आटोक्यात आली, पण ताण घेणारा दुवाच ठेवलेला नव्हता आणि जानेवारी २००२ मध्ये ही व्यवस्था कोसळली. भारताने २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल करून महागाईचे ४ टक्के हे लक्ष्य ठेवले, पण दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मोकळीक देऊन.

माणूस माणसाला धरून असतो. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या आईशी असलेल्या नात्याचा अभ्यास केला. एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील घरांत आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये निरीक्षणे केली. आई जवळ आहे याची ज्यांना खात्री, ती मुले तिला बिलगून बसत नाहीत; दूरवर रांगत जातात, वस्तू चाचपतात आणि मधूनच परत येऊन जातात. पकड पक्की असलेले मूल जास्त हिंडते.

मुंबईच्या गिरणगावात हेच मोठ्या माणसांत दिसले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष गिरणीत कामाला येत आणि एकेका गावाच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या खोलीत डझनावारी माणसे पाळीपाळीने झोपत. ट्रंक, वळकटी आणि खानावळीचे ताट एवढाच संसार. खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. महिन्याला गावी मनीऑर्डर जायची, गणपती-शिमग्याला माणूस जायचा, आजारपणात आणि म्हातारपणी तो कायमचा परत जायचा. या नात्याकडे अनेकांनी मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले. शहरात रुजला नाही तो खरा कामगार नव्हे, असा त्यांचा सूर होता. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवले की गावाशी असलेली ही गाठच कामगाराला शहरात लढायचे बळ देत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप वर्षाहून अधिक लांबला आणि औपचारिकरीत्या कधी मागेच घेतला गेला नाही. या काळात असंख्य कामगार गावी परतले आणि शेतीवर, उसनवारीवर तगले. साखळीचे गावाकडचे टोक मात्र बहुतेक घरांत बायकांनी धरले होते. शेत, गुरे, सासू-सासरे आणि मुले सांभाळून त्यांनी ते धरले, आणि गिरणीच्या इतिहासात त्यांची नोंद फारच थोडी आहे.

गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले आणि मुंबईत जन्मलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला गावात फारशी शेतीही उरलेली नाही. तरी गणेशोत्सवात कोकणात जाण्यासाठी रेल्वेला दरवर्षी शेकडो जादा फेऱ्या सोडाव्या लागतात, आणि बऱ्याच गाड्यांचे आरक्षण खुले होताच काही मिनिटांत भरते.